किडनी, ट्रायल आणि नवी औषधं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किडनीच्या ओपीडीला लागून असलेल्या खोलीत मी क्लिनिकल ट्रायलची को-ऑर्डिनेटर म्हणून काम करते. फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि रांगेत उभं राहून लोक तेच तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. मी डॉक्टर नाही. हे वाचून कुणी गोळी सुरू किंवा बंद करू नये.

१. क्रिएटिनिन १.२ आहे, लॅबच्या कागदावर नॉर्मलमध्ये येतं. मग डॉक्टर किडनीचा आजार कसा काय म्हणतात?

क्रिएटिनिन स्नायूंत तयार होतं आणि किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. त्यामुळे रक्तातला आकडा किडनी किती गाळते यावर जसा ठरतो, तसाच अंगात स्नायू किती आहेत यावरही ठरतो. म्हणून वय आणि लिंग धरून सूत्राने ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, काढतात. पंचवीस वर्षांच्या मुलाचं क्रिएटिनिन १.२ असेल तर ईजीएफआर ८६ च्या आसपास येतो. सत्तरीच्या आजींचं तेच १.२ असेल तर ४९. हा आकडा ६० च्या खाली गेला आणि तीन महिन्यांहून जास्त काळ तिथेच राहिला, तर त्याला दीर्घकालीन किडनी विकार, म्हणजे सीकेडी म्हणतात.

तीन महिन्यांची अट महत्त्वाची आहे. जुलाब, मोठा ताप, पेनकिलरचा आठवडाभराचा मारा यांनीही आकडा तात्पुरता बिघडतो. एका रिपोर्टवरून घाबरूही नका आणि एका रिपोर्टवरून निर्धास्तही होऊ नका. ईजीएफआर ९० असूनही सीकेडी असू शकतो, तो कसा ते प्र. ३ मध्ये.

२. दोन लॅबमध्ये क्रिएटिनिन सारखंच आलं, पण ईजीएफआर वेगळा. कोण चुकलं?

बहुतेक वेळा कुणीच नाही, सूत्रं वेगळी आहेत. जुनं एमडीआरडी १९९९ चं, त्यानंतर सीकेडी-ईपीआय २००९ चं आणि मग २०२१ ची सुधारित आवृत्ती, ज्यातून वंशाचा निकष काढून टाकला. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात सूत्राचं नाव असतं. तुलना करायची तर एकाच सूत्राचे, शक्यतो एकाच लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवा.

भारतीयांसाठी यात आणखी एक खोच आहे. ही सूत्रं मुख्यतः अमेरिकेतल्या लोकांच्या माहितीवर बेतलेली आहेत. चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की क्रिएटिनिनवर आधारित प्रचलित सूत्रं आपल्याकडच्या लोकांचा ईजीएफआर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. आपल्या आहारात मांस कमी, अंगात स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिनही मुळातच कमी. शंका असेल तिथे डॉक्टर सिस्टॅटिन-सी सांगतात, ती तपासणी स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. जिममध्ये जाऊन क्रिएटिनची पावडर घेणाऱ्या मुलांनी ही गोष्ट डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगावी. निम्मे जण लपवतात.

३. रक्त तपासलं ना, मग लघवीची एसीआर कशाला? पैसे काढायला?

उलट सगळ्या तपासण्यांत हीच सगळ्यात कमी वेळा सांगितली जाते, अशी माझी तक्रार आहे. लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण म्हणजे एसीआर. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत ठीक, ३० ते ३०० मध्यम वाढलेलं, ३०० च्या वर जास्त. मधुमेहात ईजीएफआर खाली यायच्या कितीतरी आधी एसीआर वाढू लागतं, म्हणूनच ईजीएफआर ९० असूनही सीकेडी असू शकतो. कॅनडातल्या संशोधकांनी २०११ मध्ये मांडलेलं एक सूत्र वय, लिंग, ईजीएफआर आणि एसीआर एवढ्या चारच गोष्टींवरून पुढच्या दोन आणि पाच वर्षांत किडनी निकामी होण्याची शक्यता सांगतं. एसीआर नसेल तर ते सूत्र चालवताच येत नाही.

नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्यावा. पाळी, लघवीचा संसर्ग, ताप किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम असेल तर पुढे ढकलावा. वाढलेलं आलं तर पुन्हा करून खात्री करतात.

४. ट्रायलमध्ये नाव घालू का? म्हणजे आमच्यावर प्रयोगच ना?

हो, प्रयोगच. शब्द गोड करून सांगण्यात अर्थ नाही. फक्त तो कसा चालतो ते समजून घ्या. किडनीच्या मोठ्या ट्रायलमध्ये सगळ्यांना आजचे मान्य उपचार मिळत राहतात. त्यावर अर्ध्या लोकांना नवी गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, म्हणजे प्लासिबो, मिळते. कुणाला काय हे चिठ्ठी टाकल्यासारखं संगणक ठरवतो. तुम्हाला, मला आणि डॉक्टरांनाही ते कळत नाही.

संमतीपत्र मराठीत असतं आणि लांबलचक असतं. खोलीत बहुतेक वेळा असं घडतं: काका पहिलं पान वाचतात, दुसरं चाळतात, मग मुलाकडे बघतात, मुलगा माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "मॅडम, सही कुठे करायची?" मी तेव्हा पेन देत नाही. घरी घेऊन जा, फॅमिली डॉक्टरांना दाखवा, दोन दिवसांनी या. घरी न्यायला कुणी नकार देत असेल तर त्या ट्रायलपासून लांब राहा.

ट्रायल खरी आहे का हे तपासायचं असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत शोधा. ती २००७ पासून आहे, १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे आणि कुणालाही फुकट बघता येते. ट्रायलच्या गोळीसाठी तुमच्याकडून पैसे मागितले तर तिथेच थांबा.

५. ट्रायलमध्ये काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण?

नव्या औषधांसाठी २०१९ चे नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम लागू आहेत. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचारांचा खर्च आणि नुकसानभरपाई प्रायोजकावर, म्हणजे ट्रायल करवणाऱ्या कंपनीवर किंवा संस्थेवर, येते. संस्थेची एथिक्स कमिटी, म्हणजे ट्रायलमधल्या लोकांचे हक्क जपणारी समिती, वेगळी असते आणि तिचा फोन नंबर संमतीपत्रावर छापलेला असतो. तो फोन लावायला डॉक्टरांची परवानगी लागत नाही. ट्रायल मधूनच सोडता येते, कारण द्यावं लागत नाही आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

६. मला शुगर नाही. तरी डॉक्टरांनी शुगरची गोळी लिहून दिली. चूक झाली का?

गोळीचं नाव 'फ्लोझिन'ने संपत असेल तर बहुधा चूक नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. केमिस्टच्या काउंटरवर कुणीतरी "ही तर डायबिटीसची" म्हणतं आणि पाकीट परत येतं.

किडनीची झीज मंदावणाऱ्या औषधांचा इतिहास बराच काळ अडकून पडला होता. १९९३ मध्ये कॅप्टोप्रिलने आणि २००१ मध्ये लोसार्टन व इर्बेसार्टनने मधुमेही किडनीत फायदा दाखवला. पुढची जवळजवळ दोन दशकं त्यांच्या तोडीचं काही हाती लागलं नाही. मग डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन ही औषधं आली. ती साखर लघवीवाटे बाहेर काढायला बनवली होती. हृदयाच्या सुरक्षिततेसाठी घेतलेल्या ट्रायलमध्ये किडनीचे आकडेही चांगले दिसले आणि संशोधकांनी तो धागा धरला. ही औषधं किडनीतल्या सूक्ष्म गाळण्यांवरचा वाढलेला दाब उतरवतात, असं त्यामागचं मुख्य स्पष्टीकरण आहे.

२०१९ ची क्रेडेन्स ही ट्रायल मधुमेहींवर होती. २०२० च्या डापा-सीकेडीमध्ये ४,३०४ लोक होते, भारतातलेही होते आणि जवळजवळ एक तृतीयांश लोकांना मधुमेह नव्हता. किडनीची क्षमता निम्म्याहून खाली जाणं, डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ येणं, किडनी वा हृदयविकाराने मृत्यू होणं, हे सगळं मिळून मोजलं. साधारण अडीच वर्षांत प्लासिबो गटात हजारी १४५ जणांना यातलं काहीतरी झालं, गोळीच्या गटात ९२ जणांना. मधुमेह नसलेल्यांतही फायदा तसाच होता. एम्पा-किडनीमध्ये ६,६०९ लोकांवर हेच पुन्हा दिसलं.

९२ जणांना तरीही त्रास झालाच, हेही लक्षात ठेवा. ही गोळी झीज मंदावते, झालेली भरून काढत नाही. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ मध्ये संपलं, त्यामुळे आता स्वस्त जेनेरिक मिळतं. किडनीच्या प्रत्येक आजारात ही चालतेच असं नाही. पॉलिसिस्टिक किडनी आणि प्रत्यारोपण झालेले रुग्ण या ट्रायलमध्ये घेतलेच नव्हते.

७. ती गोळी सुरू केली आणि महिन्याभरात क्रिएटिनिन वाढलं! बंद करू?

स्वतःहून नाही. गाळणीवरचा दाब उतरला की सुरुवातीला ईजीएफआर थोडा खाली येतो, हे अपेक्षित आहे. लोसार्टनच्या गटातल्या गोळ्यांनीही असंच होतं. मूळ ईजीएफआरच्या ३० टक्क्यांहून जास्त घट झाली तर डॉक्टर कारण शोधतात. त्याच्या आतली घट सहसा स्वीकारतात, कारण पुढे उतार मंदावतो.

याची उलटी बाजू जास्त शिकवणारी आहे. बार्डोक्सोलोन नावाच्या औषधाने मधुमेही किडनीच्या रुग्णांचा ईजीएफआर चक्क वाढायचा. २०११ मध्ये त्याचा मोठा गाजावाजा झाला. मग सीकेडीच्या चौथ्या टप्प्यातल्या २,१८५ रुग्णांवर बीकन ही ट्रायल सुरू झाली आणि २०१२ मध्ये ती मध्येच बंद करावी लागली. रिपोर्ट सुंदर होते, पण हार्ट फेल्युअरने दाखल होणारे औषधाच्या गटात ९६ आणि प्लासिबोच्या गटात ५५ निघाले. तेव्हापासून कुणी "आमच्या औषधाने क्रिएटिनिन उतरतं" म्हणालं की मी विचारते, डायलिसिस किती जणांचं टळलं?

८. एकादशी, नवरात्र, वारी. तेव्हा गोळ्या चालू ठेवायच्या?

साबुदाणा, भगर, फळं आणि पुरेसं पाणी असलेला उपवास वेगळा आणि निर्जळी वेगळा. फ्लोझिनच्या गोळ्या चालू असताना पोटात काहीच गेलं नाही तर, विशेषतः मधुमेहींमध्ये, शुगर फारशी न वाढताही रक्तात कीटोन साचून माणूस गंभीर आजारी पडू शकतो. ग्लुकोमीटर १६० दाखवतो आणि घरचे निश्चिंत राहतात, हाच खरा धोका. म्हणून कडक उपवास, उलट्या-जुलाब, ठरलेलं ऑपरेशन अशा वेळी ही गोळी तात्पुरती थांबवतात. ऑपरेशनच्या साधारण तीन दिवस आधी. पोटात पाणी ठरत नसेल तर बीपीच्या काही गोळ्या आणि लघवीची गोळीही थांबवायला सांगतात. कोणती, हे आषाढीच्या आधीच डॉक्टरांकडून प्रिस्क्रिप्शनवर लिहून घ्या. दिंडीत पाय दुखले म्हणून कुणी दिलेली डायक्लोफेनॅक मात्र कोणत्याच दिवशी नको.

९. वजनाचं इंजेक्शन किडनीलाही चालतं म्हणे?

सेमाग्लुटाइडची फ्लो ही ट्रायल २०२४ मध्ये आली. टाइप-२ मधुमेह आणि सीकेडी दोन्ही असलेल्या ३,५३३ लोकांत मोठ्या घटनांचा धोका २४ टक्क्यांनी कमी झाला. मधुमेह नसलेल्यांना हा निकाल परस्पर लावू नये. फिनेरेनोन हे आणखी एक औषध मधुमेही सीकेडीत उपयोगी ठरलं आहे, त्यात पोटॅशियमवर लक्ष ठेवावं लागतं.

१०. "संशोधनात सिद्ध झालंय" असा फॉरवर्ड आला. माझ्यावर लागू आहे का?

आधी बघा, ते कुणावर सिद्ध झालं. माझं आवडतं उदाहरण लो-सोडियम मिठाचं. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रायलमध्ये अशा मिठाने पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. पक्कं संशोधन आहे, वाद नाही. पण त्या मिठात २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड होतं आणि घरात कुणाला गंभीर किडनी विकार असेल तर त्या घरातलं कुणीच ट्रायलमध्ये घेतलं जात नव्हतं. पुढच्या टप्प्यातल्या सीकेडीत पोटॅशियम बऱ्याचदा आधीच चढलेलं असतं. तिथे हेच 'आरोग्यदायी' मीठ हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. दुकानातल्या पाकिटाच्या मागची बाजू वाचा. त्यावर पोटॅशियम क्लोराइड लिहिलं असेल तर ते आणायचं नाही.

११. शुगर-बीपी काही नाही, वडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. त्यांची किडनी कशी गेली?

उन्हात कष्ट करणाऱ्यांतला हा आजार मध्य अमेरिकेत ऊसतोड मजुरांतच ठळकपणे दिसला. एल साल्वादोरमधून २००२ मध्ये त्याची नोंद झाली. श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत आणि आंध्रातला उद्दानम हे याचे आणखी दोन पट्टे. एकच कारण अजून ठरलेलं नाही. उष्णता, शरीरातलं पाणी आटणं, पाण्यातले घटक आणि कीटकनाशकं या सगळ्यांचा अभ्यास चालू आहे. निकाराग्वातल्या एका साखर कारखान्यात सावली, पाणी आणि सक्तीची विश्रांती वाढवल्यावर तोडणी मजुरांच्या किडनीला होणारी इजा कमी झाली, हे मोजून दाखवलं गेलं. औषधाशिवाय झालेलं हे माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं मोलाचं काम आहे. बीड किंवा नगरच्या टोळीत कोयता चालू असताना सावलीतली सुट्टी कोण देणार, हा प्रश्न मुकादम आणि कारखान्याला विचारायचा आहे. तोवर एवढं तरी करा: तोडीला जाण्याआधी आणि परतल्यावर क्रिएटिनिन व एसीआर, आणि अंगदुखीवर दुकानातून घेतलेल्या गोळ्या बंद.

१२. एक वैद्य पावडर देतात, क्रिएटिनिन ६ वरून ४ वर आलं. हे काय, मग?

असे अनुभव खोटे नसतात, पण कारण तपासावं लागतं. तात्पुरती इजा आपोआप भरून आली असेल. मांसाहार बंद केल्याने आकडा थोडा उतरला असेल. किंवा जेवण इतकं तोडलं असेल की स्नायूच झिजले, आणि प्र. १ प्रमाणे स्नायू कमी म्हणजे क्रिएटिनिन कमी. वजन किती उतरलं ते विचारा, बऱ्याचदा तिथेच उत्तर मिळतं.

धोका वेगळीकडेही आहे. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पारा असलेली पारंपरिक औषधं आणि नेल-१ प्रकारचा मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी (गाळण्या बिघडून लघवीतून प्रोटीन जाणारा किडनीचा आजार) यांचा संबंध दाखवला. ती औषधं थांबवल्यावर बहुतेकांची लघवीतली प्रोटीन कमी झाली. केरळमध्ये कोट्टक्कलच्या डॉक्टरांना मेम्ब्रेनसच्या २२ रुग्णांपैकी १५ नेल-१ चे सापडले आणि त्यातले १३ जण गोरं करणारी क्रीम वापरत होते. आपल्याकडे अकोल्यातल्या एका कुटुंबाचं असंच प्रकरण २०२३ मध्ये बातम्यांत आलं होतं. तेव्हा भस्म असो, चूर्ण असो की क्रीम, डबी घेऊन ओपीडीत या. ओरडा बसणार नाही.

१३. आयजीए नेफ्रोपॅथी आहे. स्टेरॉइड घ्यावं की नवं औषध?

या आजारात आयजीए नावाची प्रतिपिंडं किडनीच्या गाळण्यांत साचतात. काय घ्यायचं ते बायोप्सी आणि लघवीतल्या प्रोटीनवर ठरतं. टेस्टिंग नावाच्या ट्रायलमध्ये भारतातलेही रुग्ण होते. स्टेरॉइडच्या पूर्ण डोसाने गंभीर संसर्ग वाढले म्हणून भरती थांबवली, डोस कमी केला, सोबत संसर्ग टाळणारं औषध जोडलं आणि पुन्हा सुरू केली. २०२२ च्या अंतिम निकालात किडनीचा फायदा दिसला आणि कमी डोसात धोकाही कमी होता. आतड्यात उतरणारं ब्युडेसोनाइड, स्पार्सेन्टन, इप्टाकोपॅन ही नवी औषधं अमेरिकेत मंजूर आहेत. यातल्या बऱ्याच औषधांना आधी लघवीतली प्रोटीन कमी झाली एवढ्यावर तात्पुरती मंजुरी मिळाली आणि ईजीएफआरचा पुरावा नंतर द्यावा लागला.

१४. एआय किडनी फेल होण्याआधीच सांगतं, खरं का?

सांगतं, काही प्रमाणात. गूगलशी संबंधित डीपमाइंड या एआय कंपनीने २०१९ मध्ये अमेरिकी माजी सैनिकांच्या सात लाखांहून जास्त नोंदींवर प्रणाली शिकवली. दाखल रुग्णांतली अचानक होणारी किडनीची इजा ती ५६ टक्के वेळा ४८ तासांपर्यंत आधी ओळखत होती. प्रत्येक खऱ्या इशाऱ्यामागे दोन खोटे होते. आणि त्या नोंदींत बायका सात टक्क्यांहूनही कमी, त्यामुळे बायकांच्या बाबतीत तिचं काम कच्चं राहिलं. आपल्या वॉर्डात आणायची तर आपल्या रुग्णांवर तपासूनच.

इशारा मिळाला म्हणजे रुग्ण वाचला, असंही नाही. येल विद्यापीठाशी जोडलेल्या सहा रुग्णालयांत ६,०३० रुग्णांवर एक ट्रायल झाली. अर्ध्या रुग्णांच्या बाबतीत किडनी बिघडताच डॉक्टरांच्या पडद्यावर संगणकाचा इशारा उमटायचा. २०२१ चा निकाल: एकूण फरक नाही. वैद्यकीय शिक्षण न देणाऱ्या दोन रुग्णालयांत तर इशारा आलेल्यांत मृत्यू जास्त होते, १५.६ टक्के विरुद्ध ८.६. का, ते नक्की कळलेलं नाही. निरुपद्रवी वाटणारी पॉप-अप खिडकीसुद्धा गोळीसारखी ट्रायलमधून जायला हवी, हे मला तरी त्या दिवशी पटलं.

१५. डायलिसिस लवकर सुरू केलं तर जास्त जगतात का?

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या आयडियल ट्रायलने (२०१०, ८२८ रुग्ण) हेच तपासलं. ईजीएफआर १० ते १४ असताना सुरू करणं आणि ५ ते ७ पर्यंत थांबणं, दोन्ही गटांत मृत्यू जवळपास सारखेच, ३७ टक्क्यांच्या आसपास. मात्र थांबणाऱ्या गटातल्या तीन चतुर्थांश लोकांना लक्षणांमुळे ठरलेल्या आकड्याच्या आधीच सुरू करावं लागलं. म्हणजे डॉक्टरांच्या नजरेखाली थांबायचं. फिस्टुला, म्हणजे डायलिसिसची सुई लावायला हातातली धमनी आणि शीर जोडायचं छोटं ऑपरेशन, मात्र आधीच करून घ्या.

१६. डुकराची किडनी कधी मिळेल? प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालू की थांबू?

यादीत नाव घाला. मार्च २०२४ मध्ये बोस्टनला रिचर्ड स्लेमन यांना ६९ जनुकीय बदल केलेल्या डुकराची किडनी बसवली. ते सुमारे दोन महिने जगले आणि मृत्यू त्या किडनीमुळे झाल्याचं चिन्ह नव्हतं, असं रुग्णालयाने सांगितलं. न्यूयॉर्कच्या दुसऱ्या रुग्णात अशी किडनी १३० दिवस चालली, मग काढावी लागली. अंगावर बांधायच्या कृत्रिम किडनीची सिएटलमधली चाचणी यंत्रात बुडबुडे येऊ लागल्याने थांबवावी लागली होती. ही कामं खरी आहेत, पण तुमच्या वडिलांच्या पुढच्या वर्षाचं नियोजन त्यावर करू नका.

१७. ट्रायलमधलं औषध मला छान लागू पडलं. ट्रायल संपली, आता ते कोण देणार?

२०१९ च्या नियमांत याची तरतूद आहे, पण अटी कडक आहेत. त्या आजारावर दुसरा उपचार उपलब्ध नसेल, औषधाचा तुम्हाला फायदा झाला असं ट्रायलच्या डॉक्टरांचं मत असेल, एथिक्स कमिटीने मान्यता दिली असेल आणि तुम्ही लेखी संमती दिली असेल, तर प्रायोजकाने ते फुकट पुरवायचं असतं. ट्रायलनंतरच्या त्या वापराची जबाबदारी प्रायोजकावर राहत नाही, असंही लिहून द्यावं लागतं. किडनीच्या बहुतेक ट्रायलमध्ये पहिलीच अट आडवी येते, कारण दुसरं काही ना काही औषध बाजारात असतंच. म्हणून हा प्रश्न शेवटच्या व्हिजिटला विचारू नका. संमतीपत्र घरी नेलं असेल तेव्हाच त्यात 'ट्रायलनंतर' हा परिच्छेद शोधा, आणि तो सापडला नाही तर सहीच्या आधी विचारा.